आजोबांचे गाव सापडते कुठे?

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की शहर आता संपले असे वाटेपर्यंत बीरगांव येते. एके काळी हे भातशेतीचे गाव होते. शेजारी उरल्याचे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले, पुढे सिलतऱ्याला पोलादाचे कारखाने आले, गावाची नगरपालिका झाली आणि नंतर महानगरपालिकाही झाली. पोटापाण्यासाठी चारी दिशांनी माणसे येथे आली. त्यांत भंडारा, गोंदिया, नागपूरकडची मराठी माणसेही आहेत. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी अशा तीन भाषांत या घरांतली मुले वाढतात.

अशा घरात एक प्रश्न वर्षानुवर्षे कोणी विचारत नाही आणि मग एके दिवशी तो अचानक महत्त्वाचा होतो. मुलगी बारावी होते, प्रवेशाचा अर्ज भरायचा असतो आणि जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत विचारणा होते, "तुमचे पूर्वज मूळचे कुठले? इथे कधीपासून?" घरात उत्तर तयार असते, "नागपूरच्या बाजूचे." कचेरीला तेवढे पुरत नाही. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि छत्तीसगढमध्ये इतर मागासवर्गीयांसाठी २६ डिसेंबर १९८४ या तारखांना आपले कुटुंब या भूमीवर होते, हे कागदाने दाखवावे लागते. कुटुंब त्यानंतर आले असेल तर दाखला मूळ राज्यातून आणायचा. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांची तारीख आणखी वेगळी, १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबा कोणत्या गावाहून, कोणत्या साली निघाले, यावर नातीच्या प्रवेशाचे गणित अवलंबून राहते. आणि आजोबा तर केव्हाच गेलेले!

कुलदैवत सांगता येते, आडनावावरून थोडा अंदाज बांधता येतो, एखादी वृद्ध आत्या "आपली विहीर होती, चिंचेचे झाड होते" एवढे सांगते. पण चिंचेचे झाड प्रत्येक गावात असते.

सरकारची मात्र एक जुनी सवय या ठिकाणी उपयोगी पडते. घरातला कर्ता माणूस गेला की सरकार दारात येते. ते सांत्वनासाठी येत नाही. आता सारा कोण भरणार, मालमत्ता कोणाच्या नावावर जाणार आणि त्यात आपल्याला काही येणे आहे काय, एवढेच त्याला हवे असते. त्यासाठी ते विचारते, कोण वारले, केव्हा वारले, मागे कोण कोण आहे, ते राहतात कुठे, काय ठेवून गेले. उत्तरे लिहून घेते आणि कागद बांधून ठेवते. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला नेमकी हीच पाच उत्तरे हवी असतात.

चिंतामणरावांचा मृत्युकर

स्वतंत्र भारतात या प्रकारचा सर्वांत मोठा कागद तयार झाला तो मृत्युकरामुळे, म्हणजे एस्टेट ड्यूटीमुळे. हा कायदा १५ ऑक्टोबर १९५३ पासून अमलात आला. तो संसदेत मांडून मंजूर करून घेणारे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे म्हणून मराठी माणूस त्यांना ओळखतो. त्यांची आयसीएसची सगळी उमेदवारी मात्र त्या वेळच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात गेली होती. रायपूर जिल्ह्याच्या जमीन बंदोबस्ताचे कामही १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याकडे होते. म्हणजे ज्या मुलखातल्या शेतकऱ्यांची नावे तरुणपणी त्यांच्या देखरेखीखाली बंदोबस्ताच्या कागदांवर चढली, त्याच मुलखातल्या श्रीमंतांच्या वारसांना पंचवीसेक वर्षांनी त्यांच्याच कायद्याने मालमत्तेचा हिशेब द्यायला लावला.

हिशेब कसा? मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत वारसांनी पूर्ण यादी द्यायची. घर, जमीन, शेअर, बँकेतली शिल्लक, दागिने, विम्याची रक्कम, दुकानातली भागीदारी, एवढेच नव्हे तर मृत्यूच्या आधीच्या दोन वर्षांत मृताने कोणाला काय बक्षीस दिले तेही. वजावटीत मृताची देणी येत, आणि अंत्यविधीचा खर्चही येई, पण हजार रुपयांपर्यंतच! घरगुती वापराच्या वस्तूंना ठराविक किमतीपर्यंत सूट होती. वडिलांनी अवलंबून असलेल्या मुलीच्या लग्नासाठी विमा किंवा ट्रस्ट करून वेगळी ठेवलेली रक्कमही आरंभी दर मुलीमागे पाच हजारांपर्यंत माफ होती. कर आकारणाऱ्याच्या दृष्टीने हा किरकोळ तपशील. वंशावळ जुळवणाऱ्याला मात्र यातून कळते की त्या साली घरात लग्नाच्या दोन मुली होत्या आणि वडिलांनी त्यांच्यासाठी आधीपासून तजवीज केली होती.

एकत्र हिंदू कुटुंबाच्या बाबतीत तर कायद्याने नकळत वंशावळच लिहून घेतली. मृताचा वाटा ठरवण्यासाठी, त्याच्या मृत्यूच्या आधल्या क्षणी कुटुंबात वाटणी झाली असती तर त्याला किती मिळाले असते, असे धरून चालायचे. ते काढायचे तर कुटुंबात सहहिस्सेदार कोण कोण, कोण कोणाचा मुलगा, कोण हयात, कोणाची वाटणी आधीच होऊन गेलेली, हे सगळे मांडावेच लागे. ज्या घरात कोणी कधी वंशवृक्ष काढला नाही, त्या घराचा वंशवृक्ष वकिलाच्या कारकुनाने टाइप करून आयकर कचेरीत नेऊन दिला.

या कराचे दर पुढे कडक होत गेले. वीस लाखांवरच्या भागाला ८५ टक्क्यांपर्यंत कर होता. तरी सरकारच्या हाती फार काही लागले नाही. वर्षाकाठी जेमतेम वीस कोटी रुपये मिळतात आणि त्यासाठी त्रासच जास्त, असा हिशेब मांडून अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द केला. १६ मार्च १९८५ पासूनच्या मृत्यूंना तो लागला नाही.

या फायली आयकर खात्याच्या होत्या, लोकांनी पाहाव्यात म्हणून ठेवलेल्या नव्हत्या आणि सरकारी कागद मुदत संपली की रद्दीत जातात. तेव्हा त्या शोधायच्या त्या घरातल्या ट्रंकेत. आकारणीचा हुकूम, कर भरल्याचा दाखला, जुन्या वकिलाकडची प्रत, यांतले काही ना काही उरलेले असते. आणखी एक जागा आहे, ती म्हणजे दिवाणी न्यायालय. मृत्युकराच्या अधिकाऱ्याचा दाखला दाखवल्याशिवाय मृत्युपत्राचा प्रोबेट किंवा वारसाचा दाखला देऊ नये, असे त्या कायद्यातच होते. त्यामुळे न्यायालयाच्या प्रकरणात तो कागद लागलेला असू शकतो.

इंग्लंडमध्ये हा शोध बराच पुढे गेला आहे. तिथे वारशावर कर १७९६ पासून घेतला जात होता. त्याच्या १९०३ पर्यंतच्या वह्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात नीट लावून ठेवल्या आहेत. मृत्युपत्रात नुसते "माझ्या पुतण्यांना" असे लिहिलेले असले तरी करवहीत प्रत्येक पुतण्याचे नाव आणि नाते सापडू शकते, कारण नात्याप्रमाणे कराचा दर बदलत असे. जवळच्या नातेवाइकाला कमी, परक्याला जास्त. तिकडची माणसे आपल्या घराण्याचा शोध घेताना या वह्यांना हात लावतातच. आपल्याकडे तसा प्रघात पडलेला नाही. आपण वंशावळीसाठी त्र्यंबकेश्वरच्या किंवा प्रयागच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहतो आणि कचेरीतल्या कागदांना जमिनीच्या भांडणापुरतेच हात लावतो.

लाखाच्या आतले

पण बीरगांवातल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला मृत्युकराचा काय उपयोग? खरे सांगायचे तर काहीच नाही. आरंभी एकत्र कुटुंबातल्या हिश्श्याला पन्नास हजारांपर्यंत आणि इतर मालमत्तेला एक लाखापर्यंत हा कर नव्हताच. १९५३ मधले पन्नास हजार म्हणजे गावातल्या एखाद्याच वाड्याची गोष्ट. मृत्युकराच्या दफ्तरात मालगुजार सापडेल, सराफ सापडेल, डॉक्टर सापडेल. गिरणीतला आणि रेल्वेतला माणूस सापडणार नाही.

त्याच्यासाठी एक पायरी खाली उतरावे लागते. तिथे पहिला कागद न्यायालयातला वारसाचा दाखला. तो १८८९ च्या कायद्याने मिळत असे, १९२५ पासून भारतीय उत्तराधिकार कायद्याने मिळतो. मृताची बँकेतली शिल्लक किंवा कोणाकडचे येणे वसूल करायचे तर हा दाखला लागतो आणि त्यावर रकमेच्या प्रमाणात न्यायालयाचे शुल्क भरावे लागते. अर्जात काय लिहायचे ते कायद्यानेच ठरवून दिले आहे: मृत्यूची वेळ, मृताचे नेहमीचे राहण्याचे ठिकाण, त्याचे कुटुंबीय व जवळचे नातेवाईक आणि त्यांतला प्रत्येक जण कुठे राहतो. शेवटचा मुद्दा बीरगांवकरांच्या कामाचा. रेल्वेतले आजोबा रायपुरात वारले असतील, पण अर्जात "भाऊ, अमुक गाव, तालुका साकोली" अशी ओळ असली तर अर्धे काम झाले.

प्रोबेटच्या प्रकरणांत १८७० च्या कोर्ट फी कायद्यानुसार मालमत्तेची यादी जोडावी लागे. घरातली रोकड, सामान, अंगावरचे कपडे, पुस्तके, चांदीची भांडी, दागिने, सगळ्यांची किंमत लावून. अशी यादी हाती आली तर पणजोबांच्या घरात काय काय होते, हे जवळजवळ डोळ्यांसमोर दिसते. न्यायालयाचे सगळे कागद कायमचे राहत नाहीत. निकाल आणि हुकूम टिकतात, बाकीचे मुदतीनंतर नष्ट करतात. म्हणून आधी नोंदवहीत प्रकरणाचा क्रमांक आणि साल शोधायचे आणि मग नकलेसाठी अर्ज करायचा. क्रमांकाशिवाय अर्ज केला तर "सापडत नाही" हेच उत्तर येते.

फौत, वल्द, बेवा

दुसरा कागद सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगाचा. ज्याच्या नावावर एकरभर का होईना जमीन होती, तो वारल्यावर ती मुलांच्या नावावर चढवावीच लागे. छत्तीसगढमध्ये याला फौती नामांतरण म्हणतात, महाराष्ट्रात वारस नोंद किंवा फेरफार. यात कर नाही, पण हेतू तोच: सारा यापुढे कोणाकडून घ्यायचा. महाराष्ट्रात तलाठ्याच्या गाव नमुना सहामध्ये ही नोंद असते, छत्तीसगढमध्ये पटवारी आणि तहसीलदाराच्या नामांतरण पंजीत.

ही नोंद वाचायला थोडे शब्द माहीत असावे लागतात, कारण मध्य प्रांतातल्या हिंदी दफ्तराची भाषा फारसीच्या वळणाची आहे. फौत म्हणजे मयत. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. जौजे म्हणजे बायको आणि बेवा म्हणजे विधवा. कौम म्हणजे जात, साकिन म्हणजे राहणार. "नाबालिग, वली माँ" असे लिहिलेले दिसले तर समजावे की बाप गेला तेव्हा मुलगा सज्ञान नव्हता आणि घर आईने सांभाळले. मुलाचे वय लिहिलेले असेल तर जन्मसाल जवळजवळ हाती लागते. आणि "लावल्द फौत" म्हणजे निपुत्रिक वारला. अशा माणसाचे नाव पुढे घरात कोणी घेतलेले नसते, श्राद्धालाही नाही. या दोन शब्दांमुळे ते निदान कागदावर राहिले.

बायकांची नावे जुन्या नोंदींत फार कमी. विधवा म्हणून आली तर आली, मुलगी म्हणून जवळजवळ नाहीच. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा आला आणि वडिलांच्या मिळकतीत मुलीचा हक्क मान्य झाला. तिथून वारस नोंदींत बहिणींची नावे दिसू लागतात, पण पुष्कळदा थोड्याच वेळापुरती. पुढच्याच फेरफारात सगळ्या बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडून दिलेला असतो. त्या हक्कसोडीमागे प्रेम किती आणि दडपण किती, हे कागद सांगत नाही. पण त्यात प्रत्येक बहिणीचे लग्नानंतरचे नाव, नवऱ्याचे नाव आणि सासरचे गाव असते. घरातून गेलेल्या आत्या आणि मोठ्या आत्या कुठे नांदल्या, हे कळण्याची अनेक कुटुंबांत हीच एक जागा आहे. आपला हक्क सोडताना का होईना, त्यांची नावे सरकारी दफ्तरात पूर्णपणे लिहिली गेली. वंशावळ करणारे बहुतेक लोक फक्त मुलग्यांच्या रेघा ओढतात. त्यांनी हा कागद एकदा काढून पाहावा.

शोधाची दिशा नेहमी आजकडून मागे हवी. पुष्कळ जण उत्साहाने थेट भोसल्यांच्या काळात उडी मारतात आणि त्याच आडनावाच्या भलत्याच घराण्याला जाऊन चिकटतात. आधी घरातला सर्वांत अलीकडचा मृत्यू घ्यावा. त्याच्या वारस नोंदीत त्याच्या वडिलांचे नाव असते. मग वडिलांच्या मृत्यूची नोंद काढावी, तिच्यात आजोबांचे नाव मिळते. असे मागे जाता जाता १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापाशी पोहोचता येते. मध्य प्रदेशात १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि त्यानंतर कोणाची जमीन कोणती हे नव्याने लिहिले गेले, तो हा कागद. त्याच्याही मागे मिसल, म्हणजे १९२०-३० च्या सुमारास झालेल्या बंदोबस्ताचे दफ्तर. देशमुखांच्या काळातले ते हेच. त्यात शेतकऱ्याचे नाव, बापाचे नाव, जात आणि राहण्याचे गाव एका ओळीत येते. म्हणूनच छत्तीसगढमध्ये जातीच्या दाखल्याच्या रांगेत मिसल हा शब्द सतत ऐकू येतो. काही जिल्ह्यांच्या मिसली संगणकावरही आल्या आहेत. सर्वांत मागे रायपूर जिल्ह्याचा पहिला नियमित बंदोबस्त, हेविट या इंग्रज अधिकाऱ्याचा, १८६९ मध्ये संपलेला. तिथपर्यंत पोहोचणारे भाग्यवान.

कारखान्यासाठी किंवा रेल्वेसाठी जिथे जमिनी घेतल्या गेल्या, तिथे आणखी एक फाइल असते, भूसंपादनाच्या निवाड्याची. मोबदला कोणाला किती द्यायचा हे ठरवताना प्रत्येक खातेदाराचे वारस आणि त्यांचे हिस्से त्यात मांडलेले असतात. बीरगांवसारख्या ठिकाणच्या मूळच्या छत्तीसगढी कुटुंबांना हा कागद विशेष उपयोगी. शेत नाहीसे झाले तरी शेताच्या मालकांची यादी राहते.

रायपूर आणि नागपूर एकाच दफ्तरात

बीरगांवच्या मराठी माणसाला वाटते की आपले कागद दोन राज्यांत विखुरलेले. हे अर्धेच खरे. रायपूर आणि नागपूर ही दोन शहरे जवळजवळ दोनशे वर्षे एकाच राजवटीत होती. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांकडे. बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत. १७८७ मध्ये ते गेल्यावर नागपूरहून सुभेदार येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे असे मराठी कारकून. रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीतल्या मराठी घरांची मुळे या काळापर्यंत जातात. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी पुत्राविना वारले आणि डलहौसीने वारस नाही म्हणून राज्यच खालसा केले. राजवाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन विकले. ज्या दरबारात सरदाराच्या वारसाकडून नजराणा घेत, त्या दरबाराच्या वारशाचाच असा निकाल लागला.

मग १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर. नागपूर-छत्तीसगढ रेल्वे झाली, ती पुढे बंगाल नागपूर रेल्वेत गेली आणि नागपूरकडची माणसे फिटर, गार्ड, कारकून होऊन रायपूरला येऊ लागली. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश झाला तरी राजधानी नागपूरच राहिली, ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत. दुसऱ्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूरची राजधानी भोपाळ झाली. १ नोव्हेंबर २००० पासून ती रायपूरच. तात्पर्य, १९४० साली भंडाऱ्याहून रायपूरला आलेला माणूस दुसऱ्या राज्यात गेला नव्हता, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात आला होता. दोन्हीकडची महसुलाची पद्धत एकच, मालगुजारी. दोन्हीकडे मिसल, दोन्हीकडे १९५४-५५ चा अधिकार अभिलेख. एका बाजूचा कागद वाचता आला की दुसऱ्या बाजूचाही बराचसा वाचता येतो. अपिलांची प्रकरणेही १९५६ पर्यंत नागपूरच्या उच्च न्यायालयात जात. त्यामुळे रायपूरच्या एखाद्या घराण्याचा वारशाचा दावा नागपूरच्या निवाड्यांच्या छापील पुस्तकांत वंशवृक्षासकट सापडला तर नवल नाही.

त्याच्याही मागे जायचे तर मात्र मोडी यायला हवी. मराठेशाहीत वतन किंवा इनाम बापाकडून मुलाकडे जाताना नजर द्यावी लागे. दत्तक घेतला तर त्याची परवानगी आणि नजर वेगळी. वतनाचा तंटा झाला की दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत, म्हणजे मूळ पुरुषापासून घराण्याची सगळी हकीकत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या रुमालांत असे कागद पुष्कळ आहेत. नागपुरातही अभिलेखागार आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा गावोगावच्या जुन्या दफ्तरांच्या गाठी सुटल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. तोवर या दफ्तरांकडे फिरकायला कोणाला फारशी सवड नव्हती.

ज्यांच्या नावे काहीच नव्हते

आता राहिला सर्वांत अवघड प्रश्न. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचे काय? बीरगांवच्या कारखान्यांत आलेली पुष्कळ कुटुंबे गावाकडेही भूमिहीनच होती. वारशाचा कागद वारशासाठी होतो आणि वारसाच नसेल तर फेरफार कसला? मिसलीतही त्यांचे नाव शेतकऱ्यांच्या यादीत मिळणार नाही. घराच्या जागेच्या नोंदीत कुठे सापडले तर सापडले.

त्यांनी नोकरीचे कागद पाहावेत. रेल्वेत किंवा सरकारी कारखान्यात नोकरी असताना माणूस गेला असेल तर भविष्यनिर्वाह निधी कोणाला द्यायचा यासाठी सेवापुस्तकात वारसांची नावे आणि मूळ गावाचा पत्ता असतो. शाळेच्या दाखिल-खारिज पंजीत बापाचे नाव, जात आणि गाव असते. चौथीत शाळा सोडलेल्या आजोबांचीही एक ओळ तिथे असू शकते.

आणि कोतवाल बुक. मध्य प्रांताच्या गावागावांत जन्म आणि मृत्यू नोंदवण्याची वही गावच्या कोतवालाकडे असे. छत्तीसगढमध्ये त्याला कोटवार म्हणतात. जन्माची तारीख, बापाचे नाव, जात, मृत्यू झाला असेल तर कारण. मालमत्ता असो वा नसो, मेलेल्या प्रत्येकाची नोंद करायची, असा नियम होता. ही वही घेऊन कोतवाल ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात जाई. पुष्कळदा त्याला स्वतःला लिहिता येत नसे, दुसरा कोणी लिहून देई. सगळ्या वह्या उरलेल्या नाहीत. वाळवीने खाल्ल्या, पुरात गेल्या, कचेऱ्या हलवताना हरवल्या. ज्या उरल्या त्या बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. गावाचे नाव, तालुका आणि अंदाजे साल देऊन तिथे नक्कल मागता येते. अर्जात आजोबांचे नाव ज्या ज्या तऱ्हेने लिहिले गेले असेल त्या सगळ्या तऱ्हा द्याव्यात. मराठीतला महादेव हिंदी वहीत महादेवा होतो, लक्ष्मणाचा लछमन होतो आणि आडनाव तर बहुतेक वेळा नसतेच. जात, बापाचे नाव आणि गाव, या तिन्हींवरूनच माणूस ओळखायचा.

नागपूर-भंडाऱ्याच्या गावांत ही कोतवालकी पुष्कळदा महार कुटुंबांकडे असे, छत्तीसगढमध्ये गांडा आणि पनका कुटुंबांकडे. ज्यांच्या नावे शेत नव्हते त्यांच्याच हाती गावाच्या जन्ममृत्यूची वही होती. बीरगांवात राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाचे पणजोबा कोतवाल असतील, तर त्यांचे स्वतःचे नाव वहीच्या पहिल्याच पानावर, गावाच्या नावाखाली पाहावे.